आई दहा मिनिटं आधी गेली तर?

आमच्या कामोठ्याच्या बिल्डिंगमध्ये समोरासमोरच्या दारांत चार पावलांचं अंतर आहे. त्यात समोरच्या शर्वरीचं आतलं दार दिवसभर उघडं, नुसतं जाळीचं लावलेलं. आता मी कान काय कपाटात ठेवू? किस्से आपोआप साठतात.

शर्वरी एडिटर आहे. लग्नांचे व्हिडिओ कापून-जोडून कंटाळलेली. दिवाळीपर्यंत एक तरी सिनेमा हाती आला नाही, तर वडील नाशिकला परत नेणार, हे ठरलेलं. म्हणून दर रविवारी तिच्याकडे सिनेमावाल्यांची बैठक. एकाने आपली फिल्म दाखवायची, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

*

पहिल्याच रविवारी सगळे "काय ताकदीची फिल्म आहे!" म्हणत बाहेर पडले. मी कचरा टाकायला त्यांच्याच लिफ्टमध्ये शिरले. दार बंद झालं तसा त्यातला एक म्हणाला, "मी दोनदा झोपलो."

दुसरा म्हणाला, "फक्त दोनदा?"

मी चाट पडले. वर येऊन शर्वरीला सांगितलं, तर ती म्हणते, "माहितीये, काकू. म्हणून तर टाळ्यांच्या वेळी मी पाणी आणायला उठते."

*

एकदा थालीपीठं घेऊन गेले आणि दारातच थबकले. जयवंत सर, या सगळ्यांतले मोठे दिग्दर्शक, खुर्चीत बसलेले. आणि आमची शर्वरी त्यांना शांतपणे सांगतेय, "सर, आई दहा मिनिटं आधी गेली तर बरं होईल."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ताट ठेवलं आणि सरांना म्हटलं, धीर धरा, कुठल्या हॉस्पिटलात आहेत?

आई सरांच्या सिनेमातली होती, हे नंतर कळलं. सर मात्र थालीपीठाला हात न लावता उठले. त्या सिनेमाचं एडिटिंग शर्वरीला मिळणार होतं. त्या दिवसापासून त्यांचा फोन नाही.

*

मग तिच्या केतन नावाच्या मित्राने तिची शिकवणीच घेतली. खोटं बोलवत नसेल तर "इंटरेस्टिंग आहे" म्हणायचं, कुणाचं काही बिघडत नाही. मीही त्याच्याच बाजूने होते. तिने आठवडाभर सराव केला.

संकष्टीला मी मोदक नेऊन दिले. एक खाल्ला आणि म्हणाली, "इंटरेस्टिंग आहेत, काकू."

दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच येऊन सांगितलं, सारणात गूळ कमी होता. होताच.

*

दिवाळीला तीन आठवडे राहिले आणि जयवंत सर पुन्हा आले. सिनेमात आता आई दहा मिनिटं आधी जात होती. टाळ्या पडल्या. शर्वरी पाण्याला उठली.

"पाणी राहू दे," सर म्हणाले. "बोल."

मी दारातून खुणा करकरून दमले. इंटरेस्टिंग म्हण गं!

ती म्हणाली, "सर, आई गेलीच नाही तर? ती गेल्यावर मुलाला रडण्याशिवाय कामच उरत नाही."

सरांनी लॅपटॉप मिटला आणि निघून गेले. केतनने कपाळाला हात लावला. मी तर मनातल्या मनात तिच्या बॅगा भरायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे चहा घेऊन गेले होते, तेवढ्यात तिची बेल वाजली, दार उघडलं मी. समोर सर, आणि शेजारी काठी टेकत उभी असलेली नऊवारीतली म्हातारी.

"माझी आई," सर म्हणाले. "गावाला, गव्हाणला असते. सिनेमा हिच्यावरच आहे."

मी घाईने खुर्ची पुढे केली.

म्हातारी सरळ शर्वरीपाशी गेली. "मी हाय अजून. मला सिनेमात कशाला मारलीस, याला इचारून दमले. हा नाय सांगत." मग पिशवीतून सिनेमाची हार्ड डिस्क काढून तिच्या हातात ठेवली. "घे बाय. आता तू बघ."