लहानूने निवडलेला पट्टा

लहानू पुलगावच्या एका कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, पट्टे सांभाळायचा. एका इंजिनावर बावीस यंत्रे चालत. इंजिनाचा जोर यंत्रांपर्यंत नेणारे चामड्याचे लांब पट्टे त्याच्या ताब्यात होते. तुटला की शिवायचा, ढिला पडला की आखडायचा, चाकावरून घसरू लागला की त्यावर राळ टाकायची. राळेने पट्टा चाकाला पकडतो. अकरा वर्षांत त्याने शिवलेला पट्टा त्याच जागी पुन्हा तुटला नाही. मी त्याच जिनात गाठी ओढायचो. आम्ही दोघे नाचणगावचे, एकाच वस्तीतले. कामावर सोबत चालत जायचो.

गावचा न्हावी मालगुजाराच्या म्हशी भादरायचा, पण आमच्या वस्तीतल्या माणसाच्या गालाला हात लावायचा नाही. पुलगाव स्टेशनाजवळ पेटी घेऊन बसणारा एक न्हावी होता. तो काही विचारत नसे. दाढीला आम्ही त्याच्याकडे जायचो. अडचण फक्त लग्नात यायची. आमच्याकडे हळद तीन दिवस चाले, आणि हळद लागलेला नवरदेव वरात निघेपर्यंत वेशीबाहेर पडत नसे. स्टेशनाचा न्हावी गावात यायला तयार नव्हता. तीन दिवसांत दाढीचे खुंट वर येत. मग वस्तीतला कोणीतरी म्हातारा घरातले पाते घासून नवरदेवाला खरवडायचा.

लहानूला त्याच्या मामाने खरवडले होते. तीन जागी कापले. वर हळद, त्यामुळे आग. मंडपात नवरीकडच्या बायका म्हणाल्या, "नवरदेव बोराटीतून ओढून आणला का बाई?" ती नवरी म्हणजे देवकाबाई. आठ वर्षांनीही ती हे लोकांना सांगायची.

चौपन्नच्या दिवाळीनंतर लहानूच्या धाकट्या भावाचे, नत्थूचे, लग्न ठरले. मुलगी देवळीची. तारीख चैत्रातली. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना लहानू म्हणाला, "नत्थूची दाढी मी करीन. एक थेंब रक्त निघू देणार नाई."

"तुले येते?"

"नाई. चैतापर्यंत येईल."

हे त्याने घरीही सांगितले आणि मुलीच्या बापापुढेही बोलून बसला. आता मागे फिरणे नव्हते.

आर्वीच्या बाजारातून त्याने जुना वस्तरा आणला. पाते चांगले होते, मूठ नवी बसवली. दगडावर धार लावायला तो आठ दिवसांत शिकला. जिनात चाकू-कात्र्यांना धार लावणे त्याला नवे नव्हते. पण दगडाची धार गालाला चालत नाही. ती चामड्यावर फिरवून मऊ करावी लागते. त्यासाठी पट्टा हवा, आणि पट्ट्यांच्या बाबतीत लहानू कोणाला विचारणार? मिस्त्रीला सांगून त्याने टाकाऊ पट्ट्याचा हातभर तुकडा घेतला. एक टोक खिळ्याला, दुसरे हातात. वस्तऱ्याची पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचले की पाठीवरून पलटायचा, धारेवरून नाही. हे तो एका दुपारी शिकला. पहिल्या दिवशी त्याने पट्ट्याला दोन चिरा पाडल्या, नंतर एकही नाही.

दर तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो बॉयलरमागे बसून स्वतःची दाढी करायचा. गरम पाणी तिथे फुकट. आणि दर तिसऱ्या दिवशी गाल कापायचा. ओढल्यासारखे व्हायचे, मग सोलायचे. त्याने कोन बदलला. साबण बदलला. पट्ट्यावर तीसऐवजी साठ फेरे दिले. जास्तच वाईट झाले.

"पट्टा बरोबर हाये," तो मला म्हणायचा. "पाह्य, कसा पकडते. ढिला असता तर वस्तरा घसरला असता. हात शिकला नाई अजून."

मलाही ते पटले. आम्ही दोघे जिनातले. पकडतो तो पट्टा चांगला, हेच आम्हाला ठाऊक.

देवकाबाई पाणी देताना म्हणायची, "मांजर पाळली का जिनात? नत्थूभाऊ, तुमी बिनदाढीचेच जा. दाढीवाला नवरा चालते, नकटा नाई चालत."

नत्थू हसायचा, पण पौषाच्या शेवटी तो माझ्याकडे एकटाच आला. म्हणाला, "दादाले तुमी सांगा. मी हळद लागायच्या आदल्या दिवशी टेशनावर करून येतो. खुंट राहतील तं राहतील."

मी सांगितले. रविवारी लहानूने वस्तरा आणि पट्टा फडक्यात गुंडाळला आणि आम्ही देवळीला चालत गेलो. तिथे बाबाराव नावाचा म्हातारा चपला शिवायचा. लहानूने त्याच्यापुढे पट्टा ठेवला.

बाबारावने आधी वास घेतला. मग अंगठा सावकाश ओढला. अंगठा अडखळत गेला. त्याने अंगठ्याला लागलेले काळे लुगड्याच्या चिंधीला पुसले.

"हे काय हाये बे?"

"पट्टा. जिनातला."

"चामडं खाली कुठंतरी असंन. वर तं राळ हाये. अन् राळेत सरकीची धूळ, रेती. याच्यावर वस्तरा घासून राह्यला तू?"

"अडीच महिने."

"मग दगडावर लावलेली धार रोज इथं मोडत होता. चाकाले धरून ठेवणारा पट्टा अलग. वस्तऱ्याचा अलग, त्याच्यावरून वस्तरा जरा अडून सुटला पायजे. अडून. चिकटून नाई."

लहानूने त्या तुकड्यावरून स्वतः अंगठा ओढला. मला वाटले, चिडेल. तो म्हणाला, "चामडं दाखवा."

बाबारावने तीन तुकडे टाकले. एक म्हशीचा, जाड. एक बकऱ्याचा, मऊ. एक बैलाचा. तो म्हणाला, "बकऱ्याचा घे. मऊ हाये, नवशिक्याले बरा."

लहानूने घाई केली नाही. दुकानाच्या खांबाला एकेक तुकडा अडकवून दोन्ही हातांनी ओढला. बकऱ्याचा ताणला गेला आणि मधे झोळ पडला. झोळावर धार गोल होते. म्हशीचा ताणला नाही, पण त्यावर नखाची पाठ फिरवली तर जागोजाग खडबड लागली. बैलाचा सरळ राहिला. तो त्याने उजेडात आडवा धरला, टोकापासून टोकापर्यंत अंगठा ओढला, मग उलटा ओढला. रुंदी पात्याला लावून पाहिली, दोन्हीकडे बोटभर जास्त होती.

"हा पाठीचा की पोटाचा?"

"पाठीचा," बाबाराव म्हणाला आणि प्रथमच हसला. "पोटाचं ताणते, ते मी तुले दाखवलं नसतं. पण विचारलं हे बरं केलं. याले तेल लावजो नको, मेण लावजो नको. तळहातानं घास. रोज दोनशे वेळा. महिनाभर."

घरी येऊन लहानूने पाते पुन्हा दगडावर घेतले. नवा पट्टा त्याने जिनात आणला नाही. तिथे धूळ. रोज सकाळी निघण्याआधी दोनशे वेळा तळहात. मी मोजले आहेत. एकशे नव्वदला तो थांबत नसे. पंधरा दिवसांनी चामडे काळसर, गुळगुळीत झाले. फाल्गुनाच्या पहिल्या आठवड्यात त्याने दाढी केली आणि रक्त आले नाही. दुसऱ्या आठवड्यात माझी केली.

चैत्रात हळद लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी नत्थू लिंबाखाली पाटावर बसला. वस्ती भोवती जमली. वाजंत्री येऊन बसले होते. लहानूने गरम पाण्याचे फडके नत्थूच्या गालावर दाबून धरले, काढले, परत धरले. वस्तरा हाताच्या केसांवर फिरवला. केस वाकले, तुटले नाहीत. त्याने वस्तरा खाली ठेवला नाही, सरळ पट्ट्याकडे गेला.

"अरे लहान्या, देवळी चार कोस हाये," मामा ओरडला. हाच तो खरवडणारा मामा. "चालते तेवढी धार. आमी केल्या नाई का?"

"केल्या. माह्या तोंडावर पाह्य."

लोक हसले. लहानूने साठ फेरे दिले. पुन्हा केसावर पाहिले. पुन्हा चाळीस दिले. बैल जुंपलेले होते, ते सोडावे लागले. वाजंत्री विडी ओढून आले. या वेळी केस स्पर्शाबरोबर पडला.

"दादा, हळू," नत्थू म्हणाला.

"बोलू नोको. बोलणाऱ्याचा गाल हालते."

आधी उजवा गाल, कातडी वर ताणून. मग डावा. हनुवटीखाली त्याने चार वेळा फडके लावले. ओठावर शेवटी. वस्तरा चालण्याचा आवाज मागच्या माणसालाही ऐकू येत होता. संपल्यावर देवकाबाईने पांढरे धुतलेले फडके नत्थूच्या तोंडावर दाबले, उलटवून दोन्ही बाजूंनी पाहिले आणि मामाच्या हातात दिले. फडक्यावर नुसते पाणी होते.

वरात दीड तास उशिरा निघाली. देवळीत मुलीचा बाप चिडलेला होता, पण नवरदेवाकडे पाहून त्याने विचारले, "शेवटी टेशनाचाच न्हावी आणला का?"

"मी केली," लहानू म्हणाला.

"आमच्याकडं दोन लग्नं हायेत वैशाखात. येशीन का?"

"येणार नाई. मी न्हावी नाई, मी पट्टेवाला. घरचा एक माणूस पाठवा. शिकवतो."

"किती दिवस लागतील?"

"पट्टा निवडाले एक. बाकी त्याच्या हातावर हाये," लहानू म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला गेला.