वात गुपचूप जळेपर्यंत

माक्याचा रस तिळाच्या तेलात कढू लागला की ओल्या गवतासारखा उग्र वास सुटतो. तो आला की मला बालाघाटच्या घराचं मागचं अंगण दिसतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ताईचं लग्न गोंदियाला ठरलं होतं आणि नवरीच्या केसांना, अंगाला लावायचं तेल आई चुलीवर पितळेच्या गंजात कढवत होती. तेल झालं का, हे ती कापसाची वात त्यात बुडवून, पेटवून पाहायची. वात तडतडली म्हणजे आत अजून पाणी आहे. तेवढ्यात सोयरीक जुळवणारे काका आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, “वहिनी, बात बिगडली. पोराकडचे नाही म्हनून राह्यले.” वाळ्याची मुळं निवडणाऱ्या ताईचे हात थांबले. मी गंज उतरवायला फडकं घेतलं, तशी आई खेकसली, “काहून उतरवून राह्यली? कच्चं तेल खवट होते.” काकांना तिने बसायला सांगितलं आणि वात पेटवली. ती तडतडली. पुढचीही तडतडली. शेवटी एक वात गुपचूप जळली, तेव्हा तिने तेल गाळलं, निवू दिलं आणि ताईला समोर ओढून बसवलं. “आता काहून लावून राह्यली? लग्नासाठी केलतं ना?” ताई म्हणाली. तिच्या टाळूवर तेल जिरवत आई म्हणाली, “लग्नासाठी कोनं केलतं? तुयासाठी केलतं.” तेव्हा कुठे ताई रडली. आता मी गॅसवर तेल करते. दारावरची घंटा वाजो, फोन वाजो, वात गुपचूप जळेपर्यंत गंज उतरवत नाही.