दोन खणांपायी खर्ड्यापर्यंत

खर्ड्याला जातोय म्हटल्यावर आमच्या आर्किटेक्चरच्या वर्गात एकच प्रश्न आला, ‘तिथं पाहण्यासारखं काय आहे?’ मी म्हटलं, किल्ला आहे. किल्ला आहेच, खोटं बोललो नाही. पण लग्न झाल्यापासून माहेरीच राहिलेली माझी बायको गोदा त्याच गावात आहे, हे मात्र मी सांगितलं नाही. पोरं वर्षभर पिच्छा पुरवतात.

ती माहेरी का, याचं उत्तर मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. मी काकांच्या बिऱ्हाडाबाहेर गॅलरीत झोपतो. माझ्या अलीकडे-पलीकडे गिरणीत जाणारी आणखी माणसं झोपतात, पाळी बदलली की वळकट्याही बदलतात. तिथं बायकोला आणणार कुठं? महायुद्ध संपलं, पण जागांची टंचाई काही संपली नाही. म्हणून खर्ड्याचाच गिरणी कामगार दगडू गावी निघाला, तेव्हा त्याच्यापाशी सासरी निरोप दिला होता, ‘दोन खण मिळाले की न्यायला येतो.’ आपल्याकडे घर खणांत मोजतात. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. नवराबायकोला दोन पुष्कळ झाले.

ते काही मिळाले नाहीत. पण शेवटच्या वर्षाची दोन कामं मला नगर शहरासाठी करायची होती: एक विणकरांची वसाहत आणि एक कलागृह, म्हणजे नाटक-कीर्तनासाठी मोठं सभागृह. सर म्हणाले, जागा पाहून या. नगरपर्यंत गेलेला माणूस खर्ड्याला गेल्याशिवाय परत येईल काय?

दौंडला गाडी बदलून सकाळी नगरला उतरलो. तुम्हीही असेच याल तर दौंडला चहावर भागवा आणि भूक नगरसाठी राखून ठेवा, स्टेशनाबाहेर गरम भजी आणि पाव मिळतो. दिवसभर विणकरांच्या गल्ल्या पाहिल्या. घरात माग आणि गल्लीत माणसं, असा प्रकार. मागाला ओल चालत नाही, माणसाला चालते! टेप लावून मापं घेतली, कलागृहाच्या मोकळ्या जागेला फेरी मारली आणि रात्री धर्मशाळेत पडलो. खरं सांगायचं तर मापं घेताना अर्धं लक्ष दुसऱ्या दिवशीच्या मोटारीकडे होतं.

मोटार सोलापूर रस्त्याची, कोळशाच्या गॅसवर चालणारी. मागं भट्टी, तिचा धूर थेट मागच्या बाकावर. तेव्हा सकाळी लवकर जाऊन पुढची जागा धरावी. ड्रायव्हर अमीनभाई मोठा बोलका माणूस. चढ लागला की तो शांतपणे म्हणे, ‘उतरा मंडळी, जरा मोटारीला हवा खाऊ द्या,’ आणि आम्ही सगळे मुकाट्यानं चालू लागायचो. माझ्या हातातली नकाशांची पुंगळी पाहून त्याने विचारलं, ‘मोजनीवाले का तुमी?’

‘नाही, घरं काढतो. कागदावर.’

‘मंग आमच्या भिंगारात बी एक काढा की,’ तो म्हणाला. मोटारीत सगळे हसले. मीही हसलो.

मिरजगावला उतरलो. बाजाराचा दिवस होता, पिठलं-भाकरी आणि ठेचा असं पोटभर जेवण झालं. तिथून जामखेडपर्यंत भुसाराच्या गाडीवर पोत्यांवर बसून गेलो, एक मुक्काम केला आणि पुढं खर्ड्याला बैलगाडी. हा सगळा मुलूख उघडा. हिरवं दिसलं तर विहिरीजवळ, नाहीतर नुसता माळ. पण खर्डा जवळ आला आणि किल्ल्याच्या भिंतीपलीकडे गावाची घरं दिसू लागली, तेव्हा माझ्यातला विद्यार्थी जागा झाला. एकाही घराला उतरतं छप्पर नाही. सगळी माळवदं: लाकडावर पांढरी माती चोपून केलेली सपाट छतं, एकमेकांना लागून, शिडी न लावता एका घरावरून दुसऱ्यावर जाता येईल अशी.

सासरी पोचलो. पाय धुतले, गूळपाणी झालं. सासरे, त्यांना सगळे तात्या म्हणतात, ओसरीवर बसले. आमच्यात लेकीनं बापासमोर नवऱ्याशी बोलायचं नसतं, म्हणून गोदा दाराआड. पण दाराशेजारी पत्र्याची एक ट्रंक दिसली. कुलूप लावलेली, वर सुतळीनं आवळलेली.

सासूबाई ताट घेऊन बाहेर आल्या. ताटात दोन खण होते. चोळीचे. एक हिरवा, एक लाल, काठाचे.

‘घ्या जावईबापू,’ त्या म्हणाल्या. ‘कंट्रोलमुळं कापड मिळंना म्हनून तुमी आडलाव, ह्ये दगडूच्या निरोपावरनं कळलं. म्हनलं, दोन खनांपायी पोरीचा संसार का आडावा? ह्यांनी बारशीपातुर जाऊन आनलं. आता न्या तिला.’

मी ताटाकडे पाहत राहिलो. शेवटी मान वर करून तुळयांकडे बोट दाखवलं. ‘सासूबाई, तसले खण म्हणालो होतो मी.’

सगळ्यांनी वर पाहिलं. तात्या आधी हसले, मोठ्यानं, मांडीवर थाप मारून. मग त्यांचंच हसू थांबलं.

‘मंजी घर न्हाई?’ सासूबाईंनी विचारलं.

‘नाही अजून.’

‘बरं,’ त्या म्हणाल्या आणि ताट घेऊन आत गेल्या. मला त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी संध्याकाळी देवळासमोरच्या चौकात भारूड होतं. पुरुष खाली घोंगड्यांवर बसलो. दिवेलागण झाली, बत्ती पेटली, आणि मी सहज वर पाहिलं तर चारी बाजूंच्या माळवदांवर बायका बसलेल्या. पार वरच्या आळीच्या बायकासुद्धा छतांवरून छतांवर चालत आल्या होत्या, जमिनीला पाय न लावता. सोंग घेणारा एक ओळ खाली म्हणायचा आणि दुसरी मान वर करून त्यांना म्हणायचा, आणि वरून उलट जबाब यायचे! माझ्या कलागृहात मी बायकांना मागे जाळीआड बसवलं होतं. आम्ही वसाहत एका कागदावर काढतो आणि नाट्यगृह दुसऱ्या. इथं घरांच्या डोक्यावरच नाट्यगृह होतं. हे सरांना सांगायचं असं मी ठरवलं खरं, पण सगळा वेळ वरच्या अंधारात गोदा कुठे बसली असेल तेच शोधत होतो.

ती भेटली दुसऱ्या दिवशी दुपारी, माळवदावर. कुरडया वाळत घातल्या होत्या आणि राखणीला तिला बसवलं होतं. सासूबाईंनी मला ‘वर वारं चांगलं हाय’ एवढंच सांगितलं. मी पुंगळी घेऊन गेलो. दुसरं काय न्यावं ते कळेना.

कागद उलगडून चारी कोपऱ्यांवर कुरडयांच्या चिकाची रिकामी भांडी ठेवली. ती वाकून पाहू लागली.

‘ही कुनाची घरं?’

‘नगरच्या विणकरांची.’

‘बांधनार?’

‘नाही. परीक्षेसाठी आहेत.’

तिनं एका खोलीवर बोट ठेवलं, मग शेजारच्या, मग जिन्यावर. बोट फिरवता फिरवताच म्हणाली, ‘निरोपातलं मला कळलं हुतं. खन मंजी कसले, त्ये.’

‘मग आईंना का नाही सांगितलंस?’

‘सांगितलं असतं तर ट्रंक भरू दिली नसती.’

मी कोपऱ्यावरचं भांडं सरळ केलं. तीच म्हणाली, ‘वाटलं, ट्रंक बघून न्याल.’ आणि मग, ‘त्या ग्यालरीत बी ऱ्हाईन मी.’

‘तिथं पुरुष झोपतात, गोदा. परके.’

‘व्हय,’ ती म्हणाली आणि कुरडया उलट्या करू लागली. त्या तिनं मघाशीच उलटवल्या होत्या. त्या क्षणी मला ती इतकी हवीशी वाटली की कागद तिथंच वाऱ्यावर सोडून द्यावेत आणि तिच्या बापाच्या शेतावर राबायला राहावं. तसं काही मी केलं नाही. कुरडया उलटायला मदत केली, एवढंच.

निघायच्या दिवशी तिनं वेशीपर्यंत येणं शक्य नव्हतं, तसा रिवाज नाही. तात्या गाडी हाकत होते. किल्ल्याला वळसा घालताना मागं पाहिलं तर उन्हात सगळी माळवदं दिसत होती आणि त्यांवर बऱ्याच बायका, कुणी मिरच्या वाळत घालणाऱ्या, कुणी नुसत्याच उभ्या. एवढ्या अंतरावरून पदर सगळे सारखेच. मी आपला सगळ्यांनाच हात केला. तात्यांनी पाहिलं आणि बैलांना उगाच हाकारलं.

मुंबईत परतून कामाला लागलो. वसाहतीवरची कौलं काढून टाकली, सपाट छतं जोडली, कलागृहाभोवती घरं आणली. कुणाला खर्ड्याला जायचं असेल तर होळीनंतर लगेच जा, भारूड असेल तो दिवस विचारून जा, आणि चौकात बसलात तरी एकदा वर पाहा. मी मात्र आता जागेची सोय झाल्याशिवाय जाणार नाही. तिच्या दारातली ट्रंक पुन्हा पाहवणार नाही.

परवा नकाशांचं परीक्षण झालं. ते इंग्रजीत चालतं, पण आमचे सर दमले की मराठीवर येतात. माझा कागद शेवटचा होता. माग कुठे, चूल कुठे, उजेड कुठून, सगळं विचारून झालं. मग एका घरावर पेन्सिल टेकवून ते म्हणाले, ‘ही जागा मागानंच खाल्ली. मग कुटुंब झोपणार कुठं?’

‘खर्ड्याला, सर,’ मी म्हणालो.

वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘लग्नाला किती दिवस झाले?’