रंकाळ्यावरचा फुकट फोटो आणि मी सांगितलेला पत्ता

मंडळी, कोल्हापूरच्या या ग्रुपवर एवढ्या रात्री लिहितोय, माफ करा. शिक्षण सातवीपर्यंतच, एकेक अक्षर शोधून टाईप करतो.

आज मुलगा, सून, नात आणि हिला घेऊन आजऱ्याहून कोल्हापूरला गेलो होतो. देवीचं दर्शन, तालमीतल्या कुस्त्या, सगळं फुकट. फुकट म्हटलं की मला आधी शंका येते. देवळाबाहेर एकजण चपला फुकट सांभाळतो म्हणाला, तरी मी चपला पिशवीत घालून फिरलो.

रंकाळ्यावर गळ्यात कॅमेरा घातलेला एक माणूस आला. "पावणं, जरा जवळ सरकून बसा की!" म्हणत त्याने आम्हा पाचजणांचा फोटो काढला. मुलगा-सून नातीला घेऊन भेळ आणायला गेल्यावर मी विचारलं, "किती द्यायचं?"

"काय नको ओ काका, हौस हाय माझी. पत्ता सांगा, पोस्टानं धाडतो."

याला आमचा पत्ता कशाला? मी नाव दुसरंच सांगितलं आणि गाव गगनबावडा.

तो गेल्यावर ही म्हणाली, "खोटं कशाला सांगितलासा? पोरगं उद्या दुबईला चाललंय. सगळ्यांचा एक तरी फोटो हाय का घरात?"

"आणि चोर असला तर?"

"न्यायला हाय काय आपल्याकडं?"

परतताना एसटीत ती सगळा वेळ मुलाकडेच बघत बसली.

तो माणूस मला अजूनही सरळ वाटत नाही. पण तुमच्यापैकी कोणी त्याला ओळखत असेल, तर तो पत्ता खोटा आहे एवढं त्याला सांगा. खरा पत्ता मी स्वतः देतो. लवकर कळवा.