घरात कोण कोण असतं?

गल्लीत तिला सगळे समजूतवाली म्हणत. तिला खऱ्या नावानं हाक मारायची पाळी पुढे फक्त बँकेवर आली. शाळेत असल्यापासून तिचं हे चालू. कुणाच्या घरात धुसफूस झाली की ही चप्पल सरकवून निघाली, आणि तासाभरात दोन्हीकडची माणसं एका जागी चहा पीत बसलेली. मग तिला वाटलं, हे रीतसर शिकावं. कुटुंबशास्त्राच्या पदवीसाठी तिनं कर्ज काढलं आणि जामीन म्हणून बाबांनी सही केली. बाबा बसडेपोत फिटर, निवृत्तीला टेकलेले. सही करताना म्हणाले, "कुटुंब समजायला चार वर्षं? मला तर लग्नानंतर चार दिवसांत समजलं होतं."

"काय समजलं होतं ते एकदा सांगा तरी," आई म्हणाली. बाबांनी पेनाला टोपण लावलं आणि विषय संपवला.

पदवी मिळाली, सल्ला केंद्रात नोकरीही लागली. केंद्र म्हणजे दवाखान्याच्या वरच्या दोन खोल्या, पाच खुर्च्या, आणि आतलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून थंडीतसुद्धा चालू ठेवलेला एक खडखडणारा पंखा. तिथे पहिल्या भेटीत भांडणाचा विषय काढायचा नाही अशी पद्धत होती. विचारायचं, घरात कोण कोण असतं? आधी कोण उठतं? शेवटी कोण जेवतं? आणि माणूस सांगेल ते सगळं लिहून घ्यायचं. केंद्राच्या मॅडम म्हणायच्या, "फालतू वाटलं तरी लिही. दुखणं तिथेच असतं." समजूतवालीचा यात हातखंडा. आठ महिने चिठ्ठ्या लिहून संसार करणारं एक जोडपं तिनं दोन भेटींत बोलतं केलं होतं.

पण कौतुकानं हप्ता फिटत नाही. पगारातल्या रुपयातले दहा आणे बँकेत जात आणि उरलेल्यात महिना ओढता ओढता नाकी नऊ येत. दुसऱ्या वर्षी लागोपाठ तीन हप्ते चुकले. फोन आपल्याला येतील असं तिनं धरलं होतं. ते बाबांना येत होते, आणि बाबांनी घरात ताकास तूर लागू दिली नव्हती.

निवृत्त झालेले बाबा गेले चार महिने रोज सकाळी मित्राकडे पत्ते खेळायला जात. निदान घरी तसं सांगत. एकदा ती कामानिमित्त बाजाराकडे गेली, तर फर्निचरच्या दुकानासमोर टेम्पोतून लाकडी कपाट उतरवताना तिला बाबा दिसले. त्रेसष्ट वर्षांचे.

"अगं, यांचा माणूस आला नाही आज," बाबा घाम पुसत म्हणाले, "म्हटलं जरा हात लावावा." पण अंगात दुकानाचा निळा शर्ट होता, आणि तो कोपरावर विरलेला होता.

जगाच्या घरांत कोण काय लपवतं ते चुटकीसरशी ओळखणारी ही, आणि स्वतःच्या घरात चार महिने काही दिसलं नाही. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी मान खाली जाईल इतकी.

त्याच आठवड्यात तिनं केंद्र सोडलं. एका वसुली कंपनीत थकलेल्या कर्जांसाठी फोन करायचं काम होतं, पगार दुप्पट. तिथले साहेब पदवी बघून खूश झाले. "घरच्यांशी बोलायला शिकलेलं माणूसच हवं होतं आम्हाला!" मॅडमना तिनं सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "थांब तरी कोणत्या तोंडानं म्हणू?"

तिसऱ्या आठवड्यात तिनं एका सुतारकाकांना फोन लावला. मुलाच्या शिक्षणाच्या कर्जाला ते जामीन. समोर ठरलेला मजकूर होता, पण सवयीनं तिच्या तोंडून गेलं, "काका, घरात कोण कोण असतं?"

काका बोलत सुटले. बायको गेली. मुलाला नोकरी नाही, तो खोलीबाहेर येत नाही. ताट झाकून ठेवतात, वाट बघतात, मग एकटेच जेवतात. डोळ्यात मोतीबिंदू आहे. ऑपरेशनचे पैसे हत्यारांच्या पेटीत वेगळे ठेवलेत, मुलालाही सांगितलेलं नाही. ती ऐकत गेली आणि सगळं टिपत गेली, कंपनीच्या नोंदीत, जसंच्या तसं. फोन ठेवताना तिला कितीतरी दिवसांनी काम केल्यासारखं वाटलं.

ती नोंद साहेबांनी वाचली. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः काकांना फोन केला आणि थेट हत्यारांच्या पेटीबद्दलच विचारलं. संध्याकाळी सगळ्यांना उभं करून त्यांनी तिची नोंद मोठ्यानं वाचून दाखवली. "याला म्हणतात शिक्षण!" टाळ्या झाल्या. बक्षिसाची रक्कम तिच्या एका हप्त्याएवढी होती. तिनं ती घेतली.

दोन दिवसांनी काकांचा फोन आला. त्या चौकशी करणाऱ्या ताईच हव्यात म्हणून त्यांनी हट्ट धरला होता.

"भरले बरं का ताई पैसे. म्हटलं तुम्हाला कळवावं. एवढ्या आपुलकीनं विचारलं होतंत."

"काका, डोळ्याचं काय?"

"त्याचं काय एवढं! लाकूड सरळ आहे का बघताना सुतार एक डोळा मिटूनच घेतो की," काका म्हणाले आणि स्वतःच हसले.

तिला हसता आलं नाही, माफी मागता आली नाही. बोलणं रेकॉर्ड होत होतं. "धन्यवाद," ती म्हणाली.

घरी आली तर बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. दुकानाचा शर्ट धुऊन, घडी करून परत दिला होता. "आता बँकेचा फोन नाही बघ," ते म्हणाले. "तुझं काम तेच ना गं? लोकांचं घरचं ऐकून घ्यायचं?"

"तेच बाबा," ती म्हणाली, आणि चप्पल काढायच्या निमित्तानं खाली वाकली ती बराच वेळ वर आली नाही.