आतोबांनी घेतलेली हरकत

समोरचा माणूस जिवंत आहे, हे नुसतं डोळ्यांनी पाहून मान्य न करणारा इसम अख्ख्या आंबेगाव-जुन्नरात एकच. माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून गेल्यामुळे प्रत्येक जण विनातिकीट आहे, असं धरूनच त्यांची नजर तयार झालेली. निवृत्तीनंतर तिकिटं सुटली, नजर राहिली. ती त्यांनी मतदार यादीवर रोखली. सहा मित्र गोळा करून मतदार जागृती मंडळ काढलं, त्याला सरकारी अनुदानही मिळवलं आणि गोठ्याच्या भिंतीवर पाटी ठोकली. त्या पाटीखाली बांधलेल्या म्हशीइतकी जागृत म्हैस तालुक्यात दुसरी नसेल.

यादी काखेत मारून ते दारोदार हिंडत. "बोगस मतदान व्हतंय राव, लई बोगस!" हे ते मंचरच्या बाजारात कांद्याचा भाव विचारावा इतक्या सहज बोलत. एकदा नव्वदीच्या एका म्हाताऱ्याला यादीत मयत दाखवलेलं निघालं. म्हातारा ओट्यावर तंबाखू मळत बसलेला.

"आरं, मी हाये की हितं!"

"ते मला दिसतंय. कागद दाखवा," आतोबा म्हणाले.

म्हातारा कागद आणायला आत गेला आणि काठी घेऊन बाहेर आला. आतोबांनी पळता पळता 'हयात' अशी नोंद केली.

पुढे एके दिवशी आत्याचंच नाव दोनदा सापडलं. एक सासरच्या गावी, एक माहेरी. माहेरचं कुणी काढायचंच राहिलेलं. दुसरा नवरा गप्प बसला असता. आतोबांनी दोन्हीकडच्या कचेऱ्यांत बायकोविरुद्ध लेखी हरकत घेतली. सुनावणीला साहेबांनी विचारलं, "काका, मग ठेवायचं कुठलं?"

"नवरा म्हणून मी बोलणार न्हाई. मी तक्रारदार हाये. चौकशी तुमी करा."

चौकशी झाली. इकडच्यांना वाटलं, नाव तिकडं आहेच. तिकडच्यांना वाटलं, इकडं आहेच. दोघांनीही काट मारली.

आत्यानं बोलणं टाकलं. ताट वाढायची, पण "जेवायला चला" हे म्हशीकडे बघून म्हणायची.

त्याच सुमारास अनुदान घेणाऱ्या संस्था खऱ्या आहेत की कागदावरच्या, हे तपासायला पुण्याहून एक अधिकारी बाई आल्या. वहीत सात सदस्य होते. "बोलवा सगळ्यांना," बाई म्हणाल्या.

"मॅडम, यातले दोन वारले," आतोबांनी स्वतःच सुरुवात केली. "एक लेकीकडं गेला तो आलाच न्हाई. तिघं पुढाऱ्यांच्या मागं लागलेत. राहिलो मी. यादी बोगस हाये, लिवून घ्या."

बाईंचं पेन थांबलं. इतका मदतीला धावणारा आरोपी त्यांनी पाहिला नसावा. चहा घेऊन आलेल्या आत्याला त्यांनी विचारलं, "तुम्ही आहात का सदस्य?"

"मी हाये का न्हाई, ते ह्यांनाच इचारा. सरकारात तर मी कुटंच न्हाई."

मंडळ बंद झालं. पाटी आतोबांनीच उतरवली. पण त्यापेक्षा आत्याचं वाक्य त्यांना लागलं असावं. नाव परत घालायचा अर्ज घेऊन ते कचेरीत धावले, तेव्हा मुदत टळून गेली होती.

मतदानाच्या दिवशी मी आत्याकडेच होतो. आजवर एकही मत न चुकवलेले आतोबा इस्त्रीचा सदरा घालून निघाले, मीही सोबत गेलो. दारात पोहोचल्यावर ते जरा वेळ आतल्या टेबलावरच्या यादीकडे बघत उभे राहिले आणि रांगेतून बाहेर पडले.

घरी आत्यानं चहा पुढे केला, तेव्हा तिला त्यांचं बोट दिसलं. शाई नव्हती.

"मत न्हाई दिलं?" कित्येक दिवसांत ती पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून बोलली.

"गर्दी लई व्हती."

केंद्रावर आमच्या पुढे दोनच माणसं होती. आत्या त्यांच्या शेजारी बसली आणि आपल्या कपातला निम्मा चहा त्यांच्या कपात ओतला.