बोडीतला पसहर

दुर्पताचं माहेर डोंगरगडकडचं, सासर दवनीवाड्याचं, नवरा शालीकराम. येताना ती माहेरचा एक उपास घेऊन आली. श्रावणाच्या वद्यात हलषष्ठीला आई लेकराच्या आयुष्यासाठी नांगर लागलेल्या जमिनीतलं काही खात नाही. मोहाच्या पानावर फक्त पसहर, म्हणजे पाण्यात आपोआप उगवलेला रानभात. माणसानं पेरलेला दाणा चालत नाही. पहिली दोन लेकरं गेली, तिसरा बिसराम जगला, तो या उपासानंच, असं ती मानायची.

शास्त्रज्ञ पसहरला भाताच्याच भावकीत बसवतात आणि आशियाभरच्या दलदली त्याचं मूळ घर सांगतात. त्या घरात दवनीवाडाही येत असेल, पण शालीकरामपुढे शास्त्राचं काय चालणार! तो त्याला करगा, म्हणजे धानातलं तण, म्हणायचा. लोंबी येईस्तोवर हे दिसतं धानासारखंच, आणि विळा लागायच्या आधी दाणे झडून पुढल्या साली दुप्पट होतं. म्हणून त्यानं जांभळ्या पानाचं धान लावलं. हिरवं दिसलं की उपट! शेतात, शेताजवळच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या पाण्यात, कुठंच नामोनिशाण ठेवलं नाही.

पसहर दरसाल दुर्पताचा भाऊ धनीराम आणून द्यायचा. एकोणीसशे अठराच्या साथीत तो गेला. त्यानं शेवटी आणलेल्यातले मूठभर दाणे दुर्पतानं आषाढात गुपचूप बोडीत फेकले. कार्तिकात टोपलीभर आले. उन्हाळ्यात बोडीचा गाळ काढला, त्यात तिथलं बी गेलं.

पुढल्या हलषष्ठीला बिसराम तापानं फणफणला होता. दुर्पतानं त्या टोपलीतला भात शिजवून पानावर वाढला आणि तशीच बसून राहिली.

शेजारची जमुनाबाई म्हणाली, "काऊन बसून राह्यली? खा ना."

"हा म्याच पेरला, बाई."

"कोन पाह्यलं?"

"म्या पाह्यलं."

तिनं पान म्हशीपुढे सरकवलं. दिवसभर उपाशी लेकाजवळ बसली, भीतीनं अर्धी झाली. शालीकरामनं दारातून सगळं ऐकलं, पाहिलं. शिव्या सोडल्या तर त्याला बोलणं जमायचं नाही. बिसरामचा ताप उतरला, पण तिचा धसका गेला नाही.

पुढच्या ज्येष्ठात शालीकराम आमगावला बैल पाहायला गेला आणि बैल न घेता परतला. पंचाच्या गाठीत पसहरचं बी होतं. जन्मभर जे उपटलं, ते त्यानं स्वतःच्या हातानं बोडीत फेकलं. गावानं पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं.

कार्तिकात दुर्पता टोपली घेऊन बोडीच्या पाळीवर थबकली.

"अजी, हा कोनं पेरला?"

"करगा कोनी पेरते का? आपोआप येते."

"बिसरामची आन?"

"आन."

पुढल्या हलषष्ठीला दुर्पता पोटभर पसहर जेवली. शालीकराम त्या दिवशी शेतावरच राहिला आणि घरून गेलेल्या भाकरीचं फडकं त्यानं सोडलंसुद्धा नाही.